आचलचा फोटो पाठवा

अमरावती, ६ एप्रिल

आई,

हे पत्र फाडू नका. फाडाचंच असल तर वाचून झाल्यावर फाडा, मी काही तिथं पाहाले येत नाही.

गोदाबाईच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर टाकलं, कारण घरी आलं असतं तर आधी आचलच्या पप्पाच्या हाती पडलं असतं. मागच्या हप्त्यात मी गोदाबाईले फोन केला तवा तुमी तिथं तेल घ्याले आल्या होत्या. तिनं तुमच्या कानाले फोन लावला, अन् मी "आई" म्हणल्याबरोबर तुमी ठेवून देला. राग नाही. सुनेचा आवाज नको असल, पण सुनेचं पत्र कोणी पाहत नसतानी वाचता येते.

मी भावाकडेच आहे. नितेशच्या फुलाच्या दुकानात बसते, हार गुंफते, गजरे करते. दामिनीवहिनी काही बोलत नाही, बोलली तरी वरचं वर बोलते. मी ठीक आहे. म्हणजे जेवते, झोपते.

मागणं एकच आहे. मले आचलचा फोटो पाठवा.

कसा पाठवाचा ते सांगते. माझा जुना फोन घरातच असल, आचलच्या पप्पानं भिंतीवर मारला तो. काच तडकली पण जीव आहे त्याच्यात. सिम काढून घेतलं, तरी फोटो निंगते. आचल त्याच्यावर खेळत असल तर तिच्याकडून मागून घ्या, चार्जिंगले लावा अन् गोदाबाईच्या दुकानात न्या. तिच्याकडे वायफाय आहे. तिले म्हणा, एकदा जोडून दे. मंग दरवेळी आपोआप जुडते.

फोनच्या पडद्यावर निळ्या डोंगराचं एक चित्र आहे. तीच ती फोटोची साइट. माझं खातं मी बंद केलं नव्हतं, त्याच्यानं उघडंच असल. खाली मधोमध अधिकचं चिन्ह दिसते, बेरजेत असते तसं. ते दाबा. फोनमधले सारे फोटो समोर येतात. ज्याले बोट लावसान तो निवडल्या जाते. त्याच्या बाजूले एक कुलूप आहे. ते बंद पाह्यजे आई. उघडं असलं तर अख्खी दुनिया पाहील, बंद असलं तर मी अन् तुमी. हे एकच ध्यानात ठेवा, बाकी चुकलं तरी चालते. मंग वरती बाण आहे, तो दाबा. एक गोल फिरते. फिरू द्या. मी पहिल्यांदा टाकला तवा घाई केली, बाण दाबतच राहिली, तर मळ्यातल्या एकाच वांग्याचा फोटो चारदा गेला.

तुमी म्हणसान, फोटो कायले, गोदाबाईच्या फोनवर बोल. बोलली असती. पण आचलच्या पोटात गोष्ट राहत नाही. मी बोलली की ती घरी जाऊन सांगणार, अन् मंग गोदाबाईच्या दुकानाचा रस्ताही बंद. फोटो काढला तर तिले काही कळणार नाही, तुमी तिचे हजार फोटो काढा.

थांबते, गिऱ्हाईक उभं आहे.

करिश्मा


अमरावती, २० एप्रिल

आई,

काही आलं नाही.

मी दुकानात बसते तवा फोन मांडीवर ठेवते. दोन फुलं ओवली की पाहते. सुई बोटात जाते. नितेश म्हणे, "ताई, हारावर रक्त लागून राहिलं, फोन तिकडे ठेव." मी ठेवला, अन् पाणी प्याच्या निमतानं उठून पुन्हा पाहिला. दुकानात नेटवर्क कमी वाटलं म्हणून भर उन्हात चौकापर्यंत गेली. तिथंही काही नव्हतं.

पत्र पोचलं हे मले माहीत आहे. गोदाबाई म्हणे, "देलं बाई, तिनं पदरात बांधून नेलं." म्हणजे तुमच्याकडे आहे. मंग काहून नाही पाठवत?

तुमाले वाटते का, की मी त्या साइटवर माणसं पाहत बसत होती? मी भाजी टाकत होती आई. मळ्यातली भाजी. पहिलं वांगं टाकलं, त्याच्यावर सकाळचं पाणी होतं. कुठलीतरी बाई, मराठीच होती पण बाहेरदेशातली, तिनं लिहिलं, असं वांगं पाहून वर्षं झाली. मले इतकं बरं वाटलं! लग्न झाल्यापासून मी केलेली कोणती गोष्ट कोणी थांबून पाहिली नव्हती. मंग मी कोथिंबीर टाकली, मोटरचं पाणी पाटात पडते तवाचं टाकलं, तुमचे हात मेथीच्या जुड्या बांधतानीचे टाकले. तुमाले दाखवले होते, आठवते? तुमी म्हणल्या, "हे माये हात होय? लय काळे दिसते."

अन् एक माझा. झेंडूच्या वाफ्यात. आचलनं काढला होता, वाकडा. त्याच्याखाली कोण्या माणसानं लिहिलं की बाई भाजीपेक्षा ताजी आहे. मी ते मिटवणार होती, पण त्याच्याआधी भाजीबाजारात आचलच्या पप्पाले कोणीतरी ते दाखवलं, चारचौघात हसले. ते घरी आले अन् विचारलं, "कोण होय हा?" मी म्हणलं, मले माहीत नाही. तेच खरं होतं, अन् तेच त्याइले पटलं नाही. दुसरं काही मी सांगू कुठून?

भाजीच्याच गाडीत बसवून मले बसस्टँडवर सोडलं. तुमी दारात उभ्या होत्या, आचल तुमच्या खांद्यावर झोपली होती. मले वाटलं दोन दिवसाचा राग आहे, उतरंल, तिले कायले उठवाचं. म्हणून उठवली नाही.

नितेश दोनदा तिकडे येऊन गेला. दोनदा त्याले अंगणातूनच वापस लावलं. म्हणून अकोल्याच्या कोर्टात अर्ज केला आहे, तो कागद तुमच्याकडे आला असल. तुमच्यावर केस नाही. मले फक्त माझी पोट्टी पाह्यजे.

एक फोटो, आई. झोपेतला असला तरी चालते.

करिश्मा


अमरावती, २९ एप्रिल

आई,

आला!

दुपारी फोन वाजला तवा मी लग्नाच्या मांडवाची फुलं मोजत होती. पाहते तर माझ्याच खात्यातून एक फोटो आलेला, कुलूप लागलेलं. उघडला तर सारं गुलाबी. मले वाटलं बिघडला. मोठा करून पाहिला तवा समजलं, तुमचं बोट आहे. मी दुकानात एवढ्या मोठ्यानं हसली की नितेश धावत आला. मंग रडली, तर तो वापस गेला.

त्याच्यानंतर पंखा आला. त्याच्यानंतर चुलीजवळची भिंत. अन् संध्याकाळी आचल. पाठमोरी, फक्त एक वेणी अन् अर्धा खांदा, बाकी सारं दार. पण वेणी तिचीच होय. रिबीन उलटी बांधली तुमी. बांधू द्या, काही होत नाही.

तो अर्धा खांदा मी किती वेळा मोठा करून पाहिला, सांगत नाही. मोठा केला की चौकोन चौकोन होते, मंग काही दिसत नाही, मंग लहान करते.

आता असं करा. फोनच्या मागं वरच्या कोपऱ्यात एक लहान गोल काच आहे, तिच्यातून फोनले दिसते. बोट तिच्यावर येते तुमचं. फोन दोन्ही हातांनी आडवा धरा, आरतीचं ताट धरते तसा. ती काच पदरानं पुसून घ्या. आचलच्या मागून उजेड नको, तुमच्या मागून पाह्यजे. अन् तिले "इकडे पाह्य" म्हणू नका, ती मुद्दाम तोंड वाकडं करते. खेळू द्या अन् काढा.

फोटोच्या खाली रिकामी जागा असते. तिथं बोट लावलं की अक्षरं येतात, मराठी करून ठेवली आहे मी. काही लिहिलंच पाह्यजे असं नाही.

करिश्मा


अमरावती, १४ मे

आई,

तुमी फोटो काढाले शिकल्या. उगाच नाही म्हणत. कालचा, आचल टाक्यावर बसून आंबा खाऊन राहिली, कोपरापर्यंत रस, अन् तुमची सावली तिच्या पायापाशी. तो फोटो मी दामिनीवहिनीले दाखवला. तिनं हात पुसून फोन हातात घेतला. मंग म्हणे, "ताई, तुमी इथं राहा, मी काही मनात ठेवत नाही." ती काय मनात ठेवत होती ते मी विचारलं नाही.

अन् तुमी लिहाले लागल्या. पहिल्या दिवशी लिहिलं, "जेवली". दुसऱ्या दिवशी पुन्हा "जेवली". मंग "ताप नाही". ताप नाही म्हणजे आधी ताप होता! तो काहून नाही सांगतला? मी सारा दिवस तेच करत राहिली, ताप किती होता, कोणी पाहिलं, औषध पाजलं का. संध्याकाळी तुमी लिहिलं, "दात पडला." मंग मले जरा बसता आलं.

तुमी माझ्यासंग बोलत नाही हे मले समजते. लेकराचं सांगता, स्वतःचं सांगत नाही, माझं विचारत नाही. ठीक आहे. मी फोटोच्या कडेकडेनं पाहते. तुमचा चष्मा खिडकीत आहे, दोरा बांधलेला, म्हणजे दांडी तुटली. मेथी संपली, आता भेंडी आहे. घरातला फोटो असला की दारात आचलच्या पप्पाची चप्पल नसते, बाकी सारे फोटो मळ्यातले. तुमी लपूनछपून काढून राहिल्या. या वयात तुमाले आपल्याच घरात चोरी करा लागून राहिली, माझ्यापायी.

पण थांबू नका. एवढं मी म्हणणार. मले लाज नाही यात.

करिश्मा


अमरावती, २७ मे

आई,

आचलचे केस कोणी कापले?

फोटोखाली तुमी काहीच लिहिलं नाही. रोज दोन शब्द लिहिता, आजच काहून नाही? मानेपर्यंत कापले, पोट्ट्यासारखे. उवा झाल्या म्हणाव्या तर तुमी रॉकेल लावून काढल्या असत्या, केस कापू देले नसते. अन् तिच्यामागं पलंगावर नवी पेटी आहे, कुलपाची कडी असलेली. दोन जोड चादरी. घरात पाहुणे येणार नाही, मंग चादरी कोणाच्या?

मी गोदाबाईले फोन केला. ती सांगत नव्हती. "तू माणिकबाईलेच विचार," म्हणे. मी म्हणलं, माणिकबाई माझ्यासंग बोलत नाही, तू बोलते म्हणून तुले विचारून राहिली. तवा सांगतलं. वसतिगृह. शाळा उघडली की पाठवणार. दूर कुठंतरी, गावाचं नाव तिलेही माहीत नाही.

सात वर्षांची आहे ती आई. तिले स्वतःच्या हातानं भात कालवता येत नाही.

मी दिवसभर दुकानात उभीच राहिली. नितेश म्हणे, चाल, आत्ताच्या आत्ता जाऊ अकोल्याले, उचलून आणू पोट्टीले. वकीलसाहेबांनी फोनवर आवाज चढवला, म्हणाले, असं काही केलं तर तुमची केस तुमीच बुडवसान, तारखेपर्यंत थांबा. मी थांबून राहिली. थांबणं म्हणजे काय करणं असते ते मले समजत नाही.

तुमाले हे मंजूर आहे का, एवढंच लिहा. हो किंवा नाही.

करिश्मा


अमरावती, ४ जून

आई,

फोटोच्या ऐवजी व्हिडिओ आला.

तुमाले बहुतेक माहीतही नसल. फोन डब्याले टेकवून ठेवला असल, बोट भलत्या जागी लागलं असल, अन् तो चालू झाला. मी समजून घेते. पण मी तो पाहिला, आयकला, आता न आयकल्यासारखी होता येत नाही.

त्याच्यात आचलचे पप्पा जेवून राहिले, तुमचे मनोज. तुमी दिसत नाही, फक्त ताटात पोळी वाढणारा हात. तुमी म्हणता, "पोट्टी लहान हाय रे. एखांदं वरीस थांब."

ते म्हणतात, "थांबू कायले? कोर्टात तिची माय उभी राहीन, मंग मले कोण आयकते? त्याच्याआधी तिले तिकडे टाकून देतो. पत्ता बी नाही सांगणार."

"मले, तुया मायले बी, पत्ता नाही सांगणार?"

"तू मधात बोलू नको. तुले सांभाळणं होत नाही म्हणून सांगणार मी कोर्टात. म्हातारी झाली म्हणणार."

मंग तुमचा हात ताटापासून मागं जाते. पलंगाखाली आचलचे दोन पाय दिसतात. ती तिथं बसून सारं आयकून राहिली. मनोज उठून जातात, अन् ते पाय तसेच राहतात, हलत नाहीत.

मी हे दुकानात पाहिलं, आवाज मोठा होता, नितेशनं आयकलं. त्यानं मले न विचारता वकीलसाहेबांले सांगतलं. वकीलसाहेब खूश झाले. म्हणाले, ताई, हेच पाह्यजे होतं, हा व्हिडिओ लावून टाकू, एका तारखेत काम होते.

मी नाही म्हणलं.

नितेश माझ्यावर भडकला. "तुले पोट्टी पाह्यजे का सासू?" म्हणे. मी म्हणलं, तो व्हिडिओ कोर्टात लागला की मनोजले समजणार, फोन कोणी धरला, फोटो कोण पाठवत होतं. तो बाहेर काही करत नाही, घरात करते. त्या घरात आई एकटीच आहे, तिले जाऊन राहाले माझ्यासारखं कोणाचं घर नाही. नितेश म्हणे, "त्या बाईनं तुले जातानी थांबवलं होतं का?" नव्हतं थांबवलं. तरी नाही म्हणलं.

आता हे तुमच्यावर आहे. तुमी हो म्हणल्या तर लावते. नाही म्हणल्या तर मिटवून टाकते, तुमाले कोणी काही म्हणणार नाही. फोटोखालच्या जागेत एक अक्षर लिहा.

तारीख १७ जूनची आहे.

करिश्मा


अमरावती, १३ जून

आई,

काहीच नाही. फोटो नाही, अक्षर नाही.

मनोजनं फोन पाहिला का? तुमाले काही केलं का? गोदाबाई फोन उचलत नाही. आचल तिथं आहे का पाठवून देली? मी रोज जुने फोटो पुन्हा पाहते, त्याच्यात काही राहून गेलं का म्हणून. आंब्याच्या फोटोत टाक्यामागं एक माणूस आहे असं काल वाटलं, पाहते तर बांबू.

मी तो व्हिडिओ वकीलसाहेबांले देला नाही. त्यांनी सांगतलं, मंग मी हमी देत नाही. ठीक आहे म्हणलं.

हे पत्र तुमाले तारखेच्या आधी भेटते का नाही, माहीत नाही. भेटलं तर एवढंच, की तुमी घाबरू नका. तुमचं नाव कुठंच येणार नाही.

करिश्मा


अमरावती, २१ जून

आई,

तुमी मळ्यात मोटरले लाइट याची वेळ झाली म्हणून कोर्टातून निंगून गेल्या, नंतर काय झालं ते तुमाले कोणी सांगतलं नसल. मनोज सांगणार नाहीत. म्हणून मी लिहून राहिली.

आधी हे सांगते. मनोजचं आत सांगून झालं होतं, की आई थकली, तिच्यानं लेकरू सांभाळणं होत नाही, म्हणून वसतिगृह. समुपदेशक बाई लिहून घेत होत्या. मी बाहेरच्या बाकड्यावर होती. अन् तुमी जिन्यातून आल्या, एका हातात आचल, दुसऱ्या हातात तिची पेटी, मागं गोदाबाई. मी उठून उभी राहिली. तुमी माझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ आत गेल्या. दार उघडंच होतं, मले सारं आयकू आलं.

"मी याची माय. हे पोट्टी रातची उठून पाणी मांगते. तिथं कोणाले मांगन? हा सांगून राहिला मी थकली, तर थकली मी. पन आतापावत मीच पाह्यली. आता तिले तिच्या मायजवळ द्या. याच्या जवळ देऊ नका, हा तिले कुठं नेऊन टाकीन ते मले बी नाही सांगणार. मायासमोर बोलला हा. मी खोटं बोलत नाही."

आई, तुमी एवढं सलग बोलतानी मी कधी आयकलं नव्हतं.

मनोज म्हणाले, "आई, तू?" बस, एवढंच. तुमी बाहेर आल्या, आचलचा हात नितेशच्या हातात देला अन् जिना उतरल्या. मी तुमच्या मागं आली होती, पण आतून माझ्या नावाचा पुकारा झाला.

आत बाईंनी मनोजले विचारलं, बायकोले घराबाहेर काहून काढलं. ते म्हणाले, "हिनं मले विचारलं असतं तर मी फोटो टाकू देले असते." बाई म्हणाल्या, "मग फोन का फोडला?" ते शर्ट ओढून नीट करत राहिले. मले वाटलं होतं मले बरं वाटंल. नाही वाटलं. शर्टाची बटणं खालीवर लावली होती त्यांनी.

केस चालत राहील. पण तिचा निकाल लागेपर्यंत आचल माझ्यापाशी, अन् रविवारी मनोज येऊन भेटतील. जजसाहेबांनी तसा हुकूम केला. बाहेर निंगतानी मनोज माझ्याजवळ आले. मी नितेशकडे सरकली. ते म्हणाले, "रातचा भात नको देऊ तिले, खोकला येते." मी म्हणलं, माहीत आहे. ते गेले.

आचल माझ्याजवळ लगेच आली नाही. बसमधी नितेशच्या मांडीवर बसली. मूर्तिजापूर गेल्यावर मले म्हणे, "बजारातून याले एवढा उशीर लागते का?" तुमी तिले मी बजारात गेली म्हणून सांगतलं होतं, नाही? बरं केलं. मी म्हणलं, लय गर्दी होती. मंग ती माझ्या अंगावर पाय टाकून झोपली. बडनेरा आलं तरी मी हललीच नाही, पायाले मुंग्या आल्या.

आता मले चैन पडाले पाह्यजे. पडत नाही. तुमी घरात काय करून राहिल्या? ते बोलतात का तुमच्यासंग? जेवता का? तुमच्या फोटोखाली मी तुमच्यासारखं "जेवली" कुठं शोधू? आचलचे फोटो मी रोज टाकून राहिली त्याच जागी, कुलूप लावून. तुमी उघडून पाहिले का ते मले इथून दिसत नाही.

अन् एक विचारते. त्या व्हिडिओनंतर सारं बंद काहून केलं? मी काय काय डोक्यात आणलं, तुमाले सांगत नाही. उत्तर द्या. चार ओळी, दोन ओळी, कशाही.

करिश्मा


अकोला, १ जुलै

करिश्मा,

गोदाबाई म्हणे मी लिहून देते. मी म्हणलं मायं मी लिहीन. चौथी पास हाय मी. अक्षर वाकडं हाय, वाचून घे.

मी बरी हाय. मनोज आठ दिवस बोलला नाही. मी बी नाही बोलली. सयपाक करून ठेवला, त्यानं खाल्ला. घर अन् मळा माया नावावर हाय, तो मले काय काढते. काल म्हणे, "आई, तिचा नंबर हाय का तुयाकडं, रविवारी किती वाजता येऊ विचाराचं होतं." मी म्हणलं हाय, पन तूच विचार, मी मधात बोलत नाही. मंग त्यानं चष्म्याची दांडी लावून आणली.

तू जातानी मी दारात उभी राह्यली. ते मले बी याद हाय. त्याच्यावर काही लिहीत नाही. लिवनं जमत नाही मले ते.

आता तुया व्हिडिओचं. तो चुकून नाही निंगाला. मीच काढला. दोन डाव काढला तर आवाजच नाही आला, तिसऱ्या डावात जमला. तू वकिलाले दाखवशील म्हून काढला होता. मंग फोन गोदाबाईच्या दुकानात साखरेच्या पोत्यामागं लपवून ठेवला, मनोजनं पाह्यला तर मिटवून टाकीन. म्हून फोटो बंद होते, अन् हो काय लिहाचं, व्हिडिओच धाडला होता. तुयं पत्र आलं, त्याच्यात तू म्हणते मी घाबरू नको, मायं नाव येऊ देणार नाही. मी कपाळाले हात लावला. म्हणलं ह्या पोरीले सारं समजते अन् एवढंच समजत नाही. आता मलेच जा लागते. म्हून आली मी कोर्टात. नाहीतर माया गुडघ्याचं तुले माहीत हाय, तो जिना मी चढली नसती.

फोटो पाह्यते रोज. गोदाबाईच्या ओट्यावर बसून पाह्यते. शाळेचा पाह्यला, दप्तराचा पाह्यला, फुलाच्या ढिगात बसली तो पाह्यला. पन त्या सगळ्यात नुसती पोट्टीच हाय. तू कोनत्याच फोटोत नाही. तू बारीक झाली का जाड झाली मले काय समजन? पोट्टीच्या बाजूनं उभी राय, अन् नितेशले म्हण काढून दे. झेंडूच्या वाफ्यात उभी राह्यली होती तशी.

माणिकबाई